आपण अविश्वासू झालो तर तारण जातं का?

तारण म्हणजे ख्रिस्तामुळे पापापासून मिळणारी सुटका. ती जाते का, हा प्रश्न साधारण दोन प्रकारची माणसं विचारतात. एकाचा मेसेज रात्री दीड वाजता येतो, "परत तेच पाप झालं माझ्याकडून, आता माझं तारण गेलं का?" दुसरा दिवसाढवळ्या निवांत विचारतो, "तारण जात नाही ना एकदा मिळालं की, मग थोडं इकडंतिकडं झालं तर काय बिघडतं?" प्रश्न तोच आहे, पण पहिल्याला झोप लागत नाहीये आणि दुसऱ्याला जरा जास्तच गाढ झोप लागतेय. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, दोघांसाठीही वचनं आहेत. गोची एवढीच की आपण बऱ्याचदा पहिल्याला दुसऱ्यासाठीची वचनं ऐकवतो आणि दुसऱ्याला पहिल्यासाठीची, मग पहिला खचतो आणि दुसरा कूस बदलून परत झोपतो.

सगळ्यात आधी ते वचन बघू ज्यावरून हा वाद हमखास पेटतो. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र, अध्याय २, वचनं ११ ते १३. पौल बेड्यांत आहे, आणि चार ओळी लिहितो, बहुतेक तेव्हाच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाठ म्हटल्या जाणाऱ्या असाव्यात अशी त्यांची लय आहे. आपल्या बोलीत सांगायचं तर: आपण ख्रिस्तासोबत मेलो तर त्याच्यासोबत जगू, धीराने टिकलो तर त्याच्यासोबत राज्य करू, आपण त्याला नाकारलं तर तोही आपल्याला नाकारेल, आणि आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही.

तिसरी आणि चौथी ओळ परत वाचा. तिसरी म्हणते तू सोडलंस तर तोही सोडेल, आणि लगेच पुढची म्हणते तू सोडलंस तरी तो सोडणार नाही. मग दोन्ही बाजूंचे लोक आपापली ओळ घेऊन भांडत बसतात, पण लिहिणाऱ्याने त्या एका दमात लिहिल्यात, म्हणजे त्याच्या डोक्यात त्या भांडत नव्हत्या.

इथे भाषेची एक गंमत आहे. मूळ ग्रीकमध्ये 'पिस्तिस' हा एकच शब्द विश्वास ठेवण्यालाही वापरतात आणि निष्ठेलाही. मराठीत आपण तो तोडला, विश्वास ठेवतो तो विश्वासी आणि ज्याच्यावर भरवसा टाकता येतो तो विश्वासू. त्यामुळे आपल्याला वाटतं की विश्वास ठेवणं ही मनातली गोष्ट आणि निष्ठा ही वागण्यातली, दोन वेगळे कप्पे. पौलाकडे हे दोन कप्पे नव्हते. म्हणून "अविश्वासू झालो" म्हणजे नक्की काय, पाय घसरला की श्रद्धाच सुटली, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. काही अभ्यासक तर म्हणतात की चौथी ओळ दिलासा नाहीच, इशारा आहे, तो विश्वासू आहे म्हणजे आपल्या शिक्षेच्या शब्दालाही पक्का आहे. मला हे पटत नाही. शास्त्रात देव विश्वासू आहे असं येतं तिथे बहुतेक वेळा ते माणसाच्या भल्यासाठीच येतं, १ करिंथ १०:१३ बघा, मोहात तो निभावण्याची वाट काढून देतो. पण तसं वाचणारेही प्रामाणिक लोक आहेत, एवढं मान्य करायला हवं.

आता ज्यांना वाटतं की तारण जात नाही त्यांचा आधार काय? योहान १०:२८, येशू म्हणतो माझ्या मेंढरांना मी सार्वकालिक जीवन देतो, त्यांचा कधीच नाश होणार नाही आणि त्यांना माझ्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही. रोम ८ चा शेवट, मरण नाही, जीवन नाही, आत्ताचं नाही, पुढचं नाही, काहीच आपल्याला देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. फिलिप्पै १:६, ज्याने काम सुरू केलं तो ते पूर्ण करेल. आणि इफिस १:१४, जिथे पवित्र आत्म्याला आपल्या वतनाचा विसार म्हटलंय. विसार म्हणजे काय ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, व्यवहार पक्का झाल्याची खूण म्हणून आधी दिलेली रक्कम. देणारा मागे फिरला तर विसार बुडतो, आणि इथे देणारा देव आहे आणि विसार म्हणून त्याने स्वतःचा आत्माच ठेवलाय. (तसं बघितलं तर 'तारण' या शब्दालाच आपल्याकडे दोन अर्थ आहेत, एक सुटका आणि दुसरा कर्जासाठी ठेवलेली वस्तू. आपण कितीतरी वेळा पहिल्या तारणाबद्दल दुसऱ्यासारखं बोलतो, हप्ता चुकला की जप्ती.)

दुसऱ्या बाजूची वचनं काही कमी जोरदार नाहीत. योहान १५ मध्ये तोच येशू म्हणतो की माझ्यात न राहणारा फाटा बाहेर टाकला जातो, वाळतो, आगीत जातो. रोम ११:२२ मध्ये पौल म्हणतो तू त्याच्या दयेत राहिलास तर ठीक, नाहीतर तूही छाटला जाशील. गलती ५:४ मध्ये "कृपेला अंतरला आहात" असे थेट शब्द. आणि इब्री ६:४ ते ६, ज्याने आजवर किती जणांची झोप उडवली असेल देवाला माहीत: ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दान चाखलं, जे पवित्र आत्म्याचे वाटेकरी झाले, आणि मग पडले, त्यांना पश्चात्तापासाठी परत नवं करणं अशक्य आहे.

यातून सुटायला लोकांनी बऱ्याच वाटा काढल्यात. कोणी म्हणतं हे लोक खरे विश्वासणारे नव्हतेच, जवळ आले होते, चाखलं होतं, गिळलं नव्हतं. कोणी म्हणतं ही फक्त "समजा असं झालं तर" अशी मांडणी आहे. कोणी म्हणतं इथे तारण नाही, बक्षीस जाण्याबद्दल चाललंय. आणि कोणी सरळ म्हणतं की खरे विश्वासणारे होते आणि गेले. प्रामाणिकपणे सांगायचं तर पहिली वाट मला ओढूनताणून वाटते, "पवित्र आत्म्याचे वाटेकरी" याहून जास्त काय लिहायला हवं होतं त्या लेखकाने? पण शेवटची वाट निवडणाऱ्यांनाही एक अडचण आहे जी ते सहसा बोलत नाहीत. बरेच जण असं मानतात की पाप केलं की तारण गेलं, माफी मागितली की परत आलं, पुढच्या आठवड्यात परत गेलं. इब्री ६ असं म्हणतच नाही. तिथे गेलं ते परत येतच नाही असं लिहिलंय. म्हणजे हे वचन रोजच्या घसरण्याबद्दल असेल तर कोणाचीच धडगत नाही. ते ज्याबद्दल बोलतंय ते काहीतरी वेगळं आहे, पत्रातल्या लोकांवर छळ होत होता आणि काही जण ख्रिस्ताला सोडून मागे जायच्या बेतात होते, पूर्ण समजून उमजून त्याच्याकडे पाठ फिरवणं. आणि तीनच वचनं पुढे, ६:९ ला, लेखक म्हणतो प्रियजनहो, तुमच्याबद्दल आम्हाला याहून चांगल्या गोष्टींची खात्री आहे. घाबरवून सोडून दिलेलं नाही.

पडणं आणि पाठ फिरवणं हा फरक मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. पुस्तकातला वाद म्हणून नाही, पहिल्या काही शतकांत हा अक्षरशः जीवनमरणाचा प्रश्न होता.

इसवी सन २५०. रोमन सम्राट डेसियसचा हुकूम निघाला की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवतांना बळी अर्पण करायचा आणि तसं केल्याचं सर्टिफिकेट घ्यायचं. ही सर्टिफिकेटं इजिप्तच्या वाळूत सापडलीयत, पपायरसवर लिहिलेली, डझनांनी. मजकूर साचेबद्ध असतो, अगदी सरकारी अर्जासारखा: मी नेहमीच देवांना अर्पण करत आलोय, आत्ताही हुकुमाप्रमाणे तुमच्यासमोर पेय ओतलं, बळी दिला, त्यातलं चाखलं, तरी आपण तसं प्रमाणित करावं ही विनंती. खाली अधिकाऱ्यांची सही, तारीख. आता कल्पना करा की तुम्ही ख्रिस्ती आहात आणि हा कागद तुमच्यासमोर आहे. काही जणांनी नकार दिला आणि तुरुंगात गेले, मेले. पण खूप जणांनी बळी दिला. काहींनी नुसता धूप टाकला. काहींनी चलाखी केली, काहीच अर्पण न करता पैसे चारून कागद तेवढा मिळवला.

मग छळ ओसरला आणि हे सगळे रडत मंडळीच्या दाराशी परत आले. आता काय करायचं? येशू तर म्हणाला होता, जो मला माणसांपुढे नाकारेल त्याला मीही पित्यापुढे नाकारेन. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, मंडळीला यांना परत घ्यायचा अधिकारच नाही, आणि २५१ मध्ये त्याची वेगळी मंडळी झाली जी पुढे काही शतकं टिकली. कार्थेजचा बिशप सिप्रियन (जो स्वतः छळाच्या काळात लपून राहिला होता आणि त्यावरून लोकांचे टोमणे खात होता) आणि त्याच्याबरोबरच्या बिशपांनी २५१ मध्ये ठरवलं की सरसकट निकाल द्यायचा नाही. ज्यांनी फक्त कागद विकत घेतला त्यांची एकेकाची चौकशी करून, पश्चात्ताप बघून परत घ्यायचं, ज्यांनी खरंच बळी दिला त्यांनी पश्चात्तापात राहायचं आणि मरणाच्या वेळी त्यांना परत सामील करायचं. नंतर पुन्हा छळाची चिन्हं दिसायला लागली तेव्हा सिप्रियननेच हा नियम सैल केला, पश्चात्तापात टिकून असलेल्यांना आत्ताच घ्या, ज्यांना उद्या लढायचंय त्यांना प्रभुभोजनाशिवाय मैदानात कसं पाठवायचं, असं त्याचं म्हणणं. मला हा माणूस आवडतो तो यासाठीच. त्याने नाकारण्याला किरकोळ म्हटलं नाही, पण नाकारून परत आलेल्याला मेलेलाही म्हटलं नाही.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टीनने आयुष्याच्या शेवटी, ४२८-२९ च्या सुमाराला, लिहिलं की शेवटपर्यंत टिकणं हे स्वतःच देवाचं दान आहे, आणि ते कोणाला मिळालंय हे जिवंतपणी खात्रीने सांगता येत नाही. कॅथलिक मंडळीने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ठरवलं की घातक पापाने कृपा जाते, आणि धर्मगुरूपुढे कबुली देऊन ती परत मिळते. प्रॉटेस्टंट सुधारक लूथरचे लोकही १५३० च्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबात म्हणतात की एकदा नीतिमान ठरलेल्याला पवित्र आत्मा गमावता येत नाही असं शिकवणं चूक आहे. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, सगळ्या प्रॉटेस्टंटांचं एकच मत असेल असं वाटतं. दुसरा प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विन, त्याच्या बाजूचे मात्र म्हणाले की खरा विश्वासणारा पूर्णपणे आणि कायमचा पडत नाही. १६१० मध्ये हॉलंडात धर्मशास्त्री आर्मिनियसच्या अनुयायांनी पाच मुद्दे मांडले, त्यातला पाचवा नेमका हाच, आणि मजा म्हणजे त्यात त्यांनी "जातं" असं म्हटलंच नाही, शास्त्र अजून नीट तपासायला हवं एवढंच म्हटलं. १६१८-१९ मध्ये तिथल्याच डोर्ट गावी भरलेल्या धर्मसभेने त्याला उत्तर दिलं, जात नाही. आणि पुढे १७५१ मध्ये मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने उलट लिहिलं, जाऊ शकतं.

डोर्टचं उत्तर मात्र नीट वाचायला हवं, कारण आज "एकदा तारण म्हणजे कायमचं तारण" म्हणून जे खपवलं जातं ते ते नाही. डोर्टवाले म्हणतात की विश्वासणारे फार गंभीर पापात पडू शकतात, दावीद राजा आणि येशूचा शिष्य पेत्र यांचं नाव घेऊन म्हणतात, देवाला फार दुखावतात, आत्म्याला खिन्न करतात, विवेक जखमी करून घेतात, कधी कधी काही काळ कृपेची जाणीवच हरवून बसतात. पण देव त्यांना तिथेच सोडत नाही, पश्चात्तापाकडे परत आणतो. म्हणजे गॅरंटी आहे ती परत आणण्याची. एका मीटिंगमध्ये हात वर केला, एक प्रार्थना मागून म्हटली, मग वीस वर्षं ख्रिस्ताशी काही देणंघेणं नाही आणि तरी तिकीट खिशात आहे, असं कॅल्विनही म्हणाला नव्हता आणि डोर्टही नाही. तो दिवसाढवळ्या विचारणारा आहे ना, त्याला हे सांगायला हवं.

आता एक गोष्ट जी दोन्ही बाजूंच्या वादात कायम निसटते. समजा कोणी वीस वर्षं प्रार्थना केली, सेवा केली, रडला, उपास केले, आणि मग सगळं सोडून गेला. एक बाजू म्हणते याचं तारण गेलं. दुसरी १ योहान २:१९ उघडते, ते आपल्यातून निघून गेले पण ते आपले नव्हतेच. लॉजिक बरोबर आहे, पण हे वाक्य पटकन फेकायला फार सोपं आहे. कारण त्या माणसाला त्या वीस वर्षांत विचारलं असतं तर तोही आपल्याइतक्याच खात्रीने म्हणाला असता की मी तारलेला आहे. मग त्याचं खरं नव्हतं तर माझं खरं आहे हे कशावरून? म्हणजे "जात नाही" म्हणणाऱ्यालाही "माझ्याकडे खरंच होतं का" ही भीती राहतेच, आणि "जातं" म्हणणाऱ्याला "किती पापाने जातं" ही, आणि ती रेघ नेमकी कुठे आहे हे आजवर कोणी दाखवलेलं नाही. नुसत्या मतातून शांती कोणालाच मिळत नाही. आणि त्या निघून गेलेल्या माणसाला दोघंही जाऊन शेवटी सांगणार तेच, परत ये. फरक फक्त त्याच्या मागच्या वीस वर्षांना काय नाव द्यायचं एवढाच.

मग ते इशारे कशासाठी, जर देव शेवटपर्यंत नेणारच असेल? मला यावर सगळ्यात जास्त उजेड एका वादळाच्या गोष्टीत दिसतो, प्रेषितांची कृत्ये २७. पौल कैदी म्हणून जहाजातून रोमला चाललाय, जहाजावर २७६ माणसं, दिवसेंदिवस सूर्य नाही तारे नाहीत, आणि देवदूत येऊन पौलाला सांगतो की तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचा जीव वाचेल. वचन मिळालं, विषय संपला, असं आपल्याला वाटेल. पण चौदाव्या रात्री खलाशी पुढून नांगर टाकायचं ढोंग करून छोटी होडी खाली सोडतात, पळून जायला. आणि तोच पौल, ज्याने मगाशी सगळे वाचणार म्हणून सांगितलं, तो शताधिपतीला म्हणतो, हे जहाजात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. (मूळ भाषेत इथला 'बचाव' आणि आपलं 'तारण' एकाच धातूतून येतात.) शिपाई दोर कापतात, होडी रिकामी वाहून जाते, आणि शेवटी सगळे, कोणी पोहत कोणी फळ्यांवर, किनाऱ्याला लागतात. वचन खरं होतं आणि इशाराही खरा होता, इशाऱ्यामुळे दोर कापले गेले आणि दोर कापले गेले म्हणून वचन पूर्ण झालं. इब्री ६ मला तशी वाटते, त्या दोरावर पडलेला घाव.

वेस्लीच्या बाजूचे यावर म्हणतील की ते वचन त्या २७६ जणांना होतं, ते सगळ्यांना लावू नका, आणि जो धोका कधी घडूच शकत नाही त्याचा इशारा म्हणजे लहान पोराला बागुलबुवा दाखवणं. मुद्दा हलका नाहीये. माझा कल "जात नाही" या बाजूला आहे, पण या आक्षेपाला तोंड बंद होईल असं उत्तर माझ्याकडे नाही.

आता परत रात्री दीडवाल्याकडे. त्याला मी पेत्र सांगतो. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, शपथ घेऊन, दासी आणि आसपासच्या लोकांपुढे, म्हणजे तलवारही नव्हती समोर. पण ते घडायच्या आधीच येशू त्याला म्हणाला होता (लूक २२:३२), तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय, आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर. "वळलास तर" नाही, "वळलास म्हणजे". पेत्राचं धैर्य संपलं, शब्द संपला, पण तो बाहेर जाऊन मोठ्याने रडला. आणि तू रात्री दीडला मेसेज करतोयस. ज्याने खरंच पाठ फिरवली त्याला हा प्रश्न पडत नाही, त्याला त्याचं काही वाटतच नाही. उद्या कोणातरी विश्वासू माणसाजवळ बोल, एकट्याने हे झाकून ठेवू नको, आणि ज्या वाटेने सारखा पडतोस ती वाट बंद करायला मदत माग.

दिवसाढवळ्या विचारणाऱ्याला मी पेत्र सांगत नाही. त्याला १ करिंथ १०:१२ सांगतो, आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं त्याने पडू नये म्हणून जपावं. आणि ९:२७ सांगतो, जिथे खुद्द पौल म्हणतो की दुसऱ्यांना घोषणा करून मी स्वतःच नापसंत ठरू नये म्हणून शरीराला कह्यात ठेवतो. पौलाला काळजी होती आणि तुला नाहीये, हे जरा विचित्र नाही का?

पौलाने तीमथ्याला लिहिलेलं ते दुसरं पत्र संपवताना दोन नावं जवळजवळ लिहिलीयत. ४:१० ला देमास, जुना सहकारी, फिलेमोनच्या पत्रात त्याचं नाव लूकबरोबर येतं. त्याच्याबद्दल इथे एवढंच, त्याला सध्याच्या जगाची आवड लागली आणि तो मला सोडून थेस्सलनीकेला गेला. आणि लगेच ४:११ ला मार्क. हा तोच मार्क जो पौलाच्या प्रवासात पंफुल्या प्रांतात साथ अर्ध्यात सोडून घरी परतला होता, आणि त्याला पुन्हा न्यायचं की नाही यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांचं इतकं वाजलं होतं की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. आता म्हातारा पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. येताना त्रोवसात राहिलेला माझा झगा आण, पुस्तकं आण, आणि हिवाळ्याआधी ये. देमासचं पुढे काय झालं ते शास्त्रात कुठेच लिहिलेलं नाही.